'ओढून घेऊ नये' : करिंथकरांस पहिले पत्र ७:१८ मधील एका क्रियापदाचा इतिहास

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय आमच्या उपदेशकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. विवाह, अविवाहित स्थिती, विधवांचा प्रश्न, विश्वासी व अविश्वासी जोडीदारांचे परस्पर नाते, या विषयांवर बोलावयाचे असले म्हणजे हा अध्याय उघडला जातो. परंतु सतराव्या वचनापासून चोविसाव्या वचनापर्यंत प्रेषित विवाहाचा विषय क्षणभर बाजूस ठेवून सुंता आणि दास्य यांविषयी बोलतो. तेथील अठरावे वचन उपासनेत वाचले जाते खरे, पण त्यावर कोणी थांबत नाही. सुंता झालेला असताना ज्याला पाचारण झाले त्याने ती नाहीशी करू नये, असा त्याचा भावार्थ. ऐकणारा मनात म्हणतो, एकदा झालेली सुंता नाहीशी होणार कशी? तेव्हा ही प्रेषिताची केवळ बोलण्याची रीत असावी, असे समजून उपदेशक व श्रोता दोघेही पुढे जातात.

आमचे म्हणणे असे आहे की ही बोलण्याची रीत नव्हे. पौलाच्या काळी काही यहूदी पुरुष सुंतेची खूण खरोखरीच नाहीशी करीत असत, आणि ती कशी करीत हे पौलाने वापरलेल्या एका क्रियापदावरूनच कळते. ते क्रियापद समजले म्हणजे सबंध परिच्छेद निराळा दिसू लागतो; आणि बेळगाव-निपाणी भागातील आमच्या मंडळ्यांना तो किती जवळचा आहे हेही ध्यानात येते.

मूळ हेल्लेणी क्रियापद 'एपिस्पास्थो' हे आहे. 'एपि' म्हणजे वर, आणि 'स्पाओ' म्हणजे ओढणे. या शब्दात सुंता नाही, बेसुंतपणा नाही, शस्त्रही नाही. 'त्याने वर ओढून घेऊ नये' एवढेच पौल म्हणतो. काय ओढावयाचे हे त्याने सांगितलेले नाही, कारण करिंथकरांना ते सांगण्याची गरज नव्हती. मराठीत हे वाक्य 'सुंता' या शब्दाच्या आधारावाचून उभे राहत नाही, आणि हा शब्द तर अरबी 'सुन्नत' वरून आपल्या भाषेत आलेला. त्यामुळे मराठी श्रोत्यापुढे पौलाचा यहूदी बांधव उभा न राहता शेजारचा मुसलमान उभा राहतो. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके आठव्या दिवशी सुंता करीत आला आणि मराठीच बोलत आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नावही लोकांनी त्याला दिले. पण घाटावर हा समाज फारसा नव्हता. आदिलशाही अंमलाखाली राहिलेल्या आमच्या मुलखात 'सुंता' म्हणजे धर्म बदलल्याची खूण, असाच अर्थ रूढ झाला. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला, तेव्हापासून आजतागायत हे वचन आम्ही त्याच शब्दाच्या छायेत वाचीत आलो आहोत. हा भाषांतरकारांचा दोष नव्हे. भाषेजवळ दुसरा शब्द नव्हता.

आता इतिहासाकडे वळू. मक्काब्यांचा पहिला ग्रंथ कॅथलिक बांधवांच्या पवित्र शास्त्रात आहे. प्रॉटेस्टंट प्रतींत तो सहसा नसतो, म्हणून आमच्या पुष्कळ उपदेशकांच्या हातात तो येत नाही. त्याच्या पहिल्याच अध्यायात अंत्युखस एपिफानेस (इ. स. पू. १७५ ते १६४) याच्या काळची हकीकत आहे. यरुशलेमेतील काही पुढारी मंडळींना वाटले की आपण परराष्ट्रीयांपासून वेगळे राहिलो म्हणूनच आपल्यावर संकटे आली. त्यांनी राजाची परवानगी मिळवून यरुशलेमेत हेल्लेणी पद्धतीची व्यायामशाळा बांधली आणि, ग्रंथकाराच्या शब्दांचा आशय असा की, स्वतःला पुन्हा अग्रत्वचा करून घेतल्या व पवित्र करारास पाठ दाखविली. दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात मुख्य याजक यासोन याने या व्यायामशाळेच्या परवानगीसाठी राजाला दीडशे तालांत देऊ केल्याचे आणि याजक वेदी सोडून आखाड्याकडे धावत असल्याचे सांगितले आहे. यहूदी इतिहासकार योसेफस यानेही हीच गोष्ट नोंदविली असून कारण अधिक उघड केले आहे: विवस्त्र झाल्यावरही आपण हेल्लेण्यांसारखेच दिसावे.

हे कारण आमच्या वाचकांस विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो. हेल्लेणी व्यायामशाळेत पुरुष नग्नावस्थेत व्यायाम करीत. नग्नतेची त्यांना लाज नव्हती. पण अग्रत्वचेने झाकलेला भाग उघडा पडणे हे मात्र त्यांच्या समजुतीप्रमाणे अत्यंत असभ्य होते. तो झाकलेला राहावा म्हणून काही मल्ल अग्रत्वचेच्या टोकास बारीक वादी बांधीत. त्यामुळे सुंता झालेला यहूदी तरुण तेथे आला की तो नागडा नव्हे, निर्लज्ज ठरे. व्यायामशाळा ही केवळ तालीम नव्हती. शिक्षण, ओळखीपाळखी, नगराचे नागरिकत्व, व्यापार, सरकारी मानसन्मान, या सर्वांचा दरवाजा तिच्यातून जात असे. त्या दरवाजातून जाण्यासाठी देहावरची एक खूण पुसण्यास काही तरुण तयार झाले.

ते हे कसे करीत? मार्ग दोन होते. एक शस्त्राचा. तिबेर्य कैसराच्या काळातील रोमी ग्रंथकार केल्सुस याने आपल्या वैद्यकावरील ग्रंथाच्या सातव्या भागात त्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. त्वचा आतून सोडवून पुढे आणावी, आणि जखम भरेपर्यंत रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवावे, असे तो सांगतो. हे सारे शोभेसाठी, असेही तो म्हणतो. दुसरा मार्ग शस्त्रावाचूनचा, आणि तो अधिक जुना व अधिक प्रचलित असावा असे दिसते. उरलेली त्वचा रोज थोडी थोडी पुढे ओढावी, बांधून ठेवावी, मऊ करावी, आणि दीर्घकाळ असे करीत राहावे. दियोस्कोरिदेस हा वैद्य अशा त्वचेस स्नानानंतर तीस दिवस मध चोळण्यास सांगतो. थाप्सिया नावाच्या वनस्पतीचाही उपयोग तो सांगतो. मात्र सुंतेमुळे त्वचा गेली असेल तर ती लागू पडत नाही, असे बजावतो. एफिसचा सोरानुस तर दाईला सांगतो की मुलाची अग्रत्वचा आखूड दिसली तर ती हळूहळू पुढे ओढीत जावी. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा उद्योग एकट्या यहूद्यांचा नव्हता. आखूड त्वचा हे त्या समाजात एक वैगुण्यच मानले जाई व त्यावर वैद्य उपचार करीत. यहूद्यांनी तोच उपचार करारावर फिरविला.

'यहूदी वजन' नावाचे धातूचे एक नळकांडे त्वचेस अडकवीत असत, असे अर्वाचीन वैद्यकीय लेखांतून वारंवार वाचावयास मिळते. त्याचा आधार रोमी कवी मार्शल याच्या एका वाक्यांशावर आहे आणि त्या वाक्यांशाचा अर्थ वादग्रस्त आहे. उपदेशकांनी त्यावर प्रवचन उभारू नये हे बरे. चौथ्या शतकातील बिशप एपिफानियस हा तर त्वचा ओढण्याच्या एका हत्याराचे नाव देऊन ही युक्ती प्रथम एसावाने काढली असे सांगतो! ही गोष्ट इतिहास म्हणून नव्हे तर मनोवृत्ती म्हणून वाचावी. ज्याने एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला, त्याच्याच माथी करार पुसण्याचे पाप मारणे सोयीचे होते.

त्या काळी वर्तमानपत्रे नव्हती. त्यांचे काम लहान उपहासकविता व चरित्रलेखक करीत. मार्शलच्याच दुसऱ्या एका कवितेत मेनोफिलस नावाचा गायक येतो. तो गुह्यांगावर मोठे आवरण घालून वावरे. लोकांना वाटे, आवाज जपण्यासाठी संयम पाळतो आहे. एके दिवशी भर मैदानात आवरण गळून पडले आणि तो सुंता झालेला निघाला. रोम हसले. स्वेतोनियसने सांगितलेली हकीकत मात्र हसण्याजोगी नाही. इ. स. ७० मध्ये मंदिराचा नाश झाल्यावर, यहूदी लोक मंदिरास जे अर्धे शेकेल देत ते रोमी खजिन्याने वसूल करावयास आरंभ केला. दोमितियनाच्या काळी ही वसुली इतकी कडक झाली की, एका नव्वद वर्षांच्या वृद्धाची सुंता झाली आहे की नाही हे भर कचेरीत, लोकांच्या गर्दीत, त्याचे वस्त्र दूर करून पाहिले गेले. आपण तरुणपणी हे स्वतः पाहिले असे स्वेतोनियस लिहितो. खूण लपविणारे सर्वच लोक यासोनाच्या व्यायामशाळेतील श्रीमंत तरुणांसारखे नव्हते. कोणी मानासाठी लपवीत होता, कोणी भीतीने. हा भेद आम्हांस पुढे लागणार आहे.

यहूदी धर्मशास्त्र्यांनी या प्रकाराकडे कठोर दृष्टीने पाहिले. आमचा पिता अब्राहाम याचा करार जो मोडतो त्याला येणाऱ्या युगात वाटा नाही, असे मोदिईनच्या रब्बी एलाजार यांचे मत मिश्नात नोंदलेले आहे. ज्याची त्वचा ओढली गेली आहे अशा मनुष्यास त्यांनी 'माशूख', म्हणजे 'ओढलेला', असे नाव दिले. तो पौलाच्याच क्रियापदाचा इब्री जुळा भाऊ होय. बार कोखबाच्या बंडाच्या काळी (इ. स. १३२ ते १३५) अशा अनेकांनी पुन्हा सुंता करून घेतली, असे तोसेफ्तात म्हटले आहे. तेथेच रब्बी यहूदा यांचा विरोधी सूरही आहे: त्यांना पुन्हा सुंतेस लावू नये, कारण ते जिवावर बेतते. सुंतेच्या वेळी आतील पातळ पापुद्राही फाडून मागे सारण्याची जी सक्त पद्धत पुढे रूढ झाली, ती ओढून झाकण्याचा मार्गच बंद व्हावा म्हणून आली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे काही थोड्यांनी खूण पुसली, आणि त्याची किंमत पुढच्या सर्व पिढ्यांतील तान्ह्या मुलांनी अधिक खोल जखमेने दिली. धर्माच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

या सर्व पार्श्वभूमीवर करिंथ डोळ्यांपुढे आणावे. नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमी खेळ भरत. धावणाऱ्यांचा व नाशवंत मुगुटाचा दृष्टांत याच पत्राच्या नवव्या अध्यायात आहे. अशा नगरात सभास्थानातून आलेला यहूदी विश्वासणारा हेल्लेणी बंधूंच्या घरी जेवू लागला, त्यांच्याबरोबर स्नानगृहात जाऊ लागला, म्हणजे त्याच्या मनात काय येत असेल? मी आता ख्रिस्ताचा. मग ही खूण कशासाठी? आणि हेल्लेणी बंधूच्या मनात उलट प्रश्न: अब्राहामाचा वंश व्हावयाचे तर सुंता नको काय? पौल दोघांनाही एकाच दमात थांबवितो. रब्बी म्हणतात तसे, ओढणाऱ्याला येणाऱ्या युगात वाटा नाही, असे तो म्हणत नाही. सुंता काही नाही आणि बेसुंतपणाही काही नाही, असे एकोणिसाव्या वचनात तो म्हणतो. परुश्यांमध्ये वाढलेल्या मनुष्याच्या तोंडून हे वाक्य निघाले, यातील धक्का आम्हांस सवयीने जाणवेनासा झाला आहे. त्याच पौलाने लुस्त्र येथे तीमथ्याची सुंता करविली व तीताची करू दिली नाही. यात विसंगती नाही. खुणेवर तारण अवलंबून नाही, म्हणून ती घ्यावयाची गरज नाही. आणि खुणेवर नाशही अवलंबून नाही, म्हणून ती पुसण्याचीही गरज नाही.

आमच्या देशात या वचनाची कसोटी पाहणारे प्रसंग घडले आहेत. सर्व मराठी वाचकांस ठाऊक असलेला प्रसंग नेताजी पालकरांचा. १६६७ साली औरंगजेबाने त्यांना बाटवून मुहम्मद कुली खान केले व दूर काबूलच्या बाजूस धाडले. सुमारे नऊ वर्षांनी ते महाराजांकडे परतले, आणि १६७६ च्या जूनमध्ये प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाले. जेधे शकावलीत याची त्रोटक नोंद आहे. धर्मांतराबरोबर देहावर जी खूण झाली असेल, ती काढता येणे शक्य नव्हते व काढावी असे कोणी म्हटले नाही. समाजाने मनुष्यास परत घेतले. ख्रिस्ती मंडळीच्या बाबतीत असाच प्रसंग दक्षिणेस मंगळूरच्या कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक बांधवांवर ओढवला. १७८४ साली टिपू सुलतानाने त्यांना हजारोंच्या संख्येने पकडून श्रीरंगपट्टणास नेले. पुष्कळ तरुणांची सक्तीने सुंता झाली. जेम्स स्करी या इंग्रज कैद्याचीही त्याच नगरात सुंता झाली होती. त्याची कैदेची कथा १८२४ साली लंडनमध्ये छापली गेली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर जे जगले ते आपल्या गावी परतले व आपल्या मंडळ्या त्यांनी पुन्हा उभ्या केल्या. देहावरची खूण घेऊनच ते प्रभुभोजनाच्या मेजापाशी आले. सक्तीने दिलेल्या खुणेसही पौलाचे वचन लागू पडते.

विसाव्या शतकात हा जुना प्रश्न भयंकर रूपाने परत आला. नाझी अमलाखाली सुंतेची खूण म्हणजे मृत्युदंडाचा हुकूम ठरली. वॉर्सा येथील शल्यविशारद फेलिक्स कानाबुस यांनी अनेक यहूदी पुरुषांवर ती खूण झाकण्याची शस्त्रक्रिया केली. हिटलरच्या युवक संघटनेत खोट्या नावाने दिवस काढणारा सोलोमन पेरेल हा यहूदी मुलगा दोऱ्याने बांधून त्वचा ओढण्याचा प्रयत्न करीत राहिला. त्यातून जखम मात्र चिघळली. त्याच्या आठवणींवर १९९० साली निघालेल्या 'युरोपा युरोपा' या चित्रपटामुळे ही गोष्ट जगभर पोहोचली. यासोनाच्या व्यायामशाळेत जी कृती धर्मत्याग होती, तीच येथे एका मुलाची जगण्याची धडपड होती. कृती एकच असली तरी न्याय एक होऊ शकत नाही.

आणखी एक वळण अमेरिकेत लागले, आणि वृत्तपत्रांनी या विषयाकडे लक्ष दिले ते मुख्यतः त्यामुळे. तेथे धर्माशी काही संबंध नसताना, वैद्यकाच्या नावाखाली, नवजात मुलांची सुंता सर्रास होऊ लागली. एकोणिसाव्या शतकातील तिचे काही पुरस्कर्ते, उदाहरणार्थ डॉक्टर केलॉग, ती मुलांच्या हस्तमैथुनावरील उपाय म्हणून, तीही बधिर न करता, करावी असे सांगत. १९७१ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सरसकट सुंतेस सबळ वैद्यकीय कारण नाही असे जाहीर केले. त्यानंतर प्रौढ झालेले काही पुरुष बोलू लागले: आमची संमती न घेता आमच्या देहाचा एक भाग गेला. १९८२ साली कॅलिफोर्नियात अशा पुरुषांचा एक गट झाला. १९८९ साली आणखी एक संघटना निघाली. चिकटपट्टी, लवचिक पट्टे, वजने यांनी त्वचेवर दीर्घकाळ सौम्य ताण ठेवावयाचा, ही त्यांची रीत. म्हणजे पुन्हा 'एपिस्पास्थो'. ताणाखाली त्वचेत नव्या पेशी वाढतात हे भाजलेल्या रोग्यांवरील उपचारांतही सिद्ध झाले आहे, तेव्हा यात थोतांड नाही. परंतु काम वर्षानुवर्षांचे आहे, आणि गेलेले मज्जातंतू त्यामुळे परत येत नाहीत. आवरण येते, अवयव येत नाही. यावर मोठ्या वैद्यकीय चाचण्या झालेल्या नाहीत. जे लिहिले गेले ते बहुतांशी त्या पुरुषांच्या स्वतःच्या निवेदनांवर आधारलेले आहे.

विद्वानांचे आणि चळवळीचे रस्ते येथे एकमेकांस भेटले. १९८० साली 'युरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात केल्सुसच्या शस्त्रक्रियेवर लेख आला. १९९२ साली जिम बिगेलो या मानसशास्त्रज्ञाचे या विषयावरील पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी 'बायबल रिव्ह्यू' मध्ये रॉबर्ट हॉल यांनी पौलाच्या या क्रियापदावर लेख लिहिला. वृत्तपत्रांनी मात्र बहुधा मार्शलचीच गादी चालविली. शीर्षकात श्लेष, मजकुरात डोळे मिचकावणे, शेवटी एखाद्या डॉक्टरचे सावध वाक्य. २००५ साली अमेरिकेतील एका विनोदी दूरदर्शन मालिकेने सुंतेवर भाग केला. त्यातही अशी त्वचा परत मिळवू पाहणारे पुरुष आले. दुसऱ्या बाजूचाही अतिरेक झाला. २०११ साली सॅन फ्रान्सिस्को नगरात बालकांच्या सुंतेवर बंदीसाठी मतदान घेण्याची मागणी झाली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांपैकी एकाने काढलेल्या चित्रकथेत सुंता करणारा यहूदी राक्षसाच्या रूपात रंगविला होता. न्यायालयाने तो ठराव मतपत्रिकेवरून काढून टाकला. पुढल्याच वर्षी जर्मनीत कोलोन येथील न्यायालयाने धार्मिक सुंतेस इजा ठरविले. यहूदी व मुसलमान समाज हादरले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच जर्मन संसदेने कायदा करून तिला संमती दिली. देहावरील जखमेविषयी बोलताना शेजाऱ्याचा द्वेष किती लवकर आत शिरतो, हे यावरून दिसते.

आमच्या पाळकांकडे या प्रकारचे दुःख घेऊन कोणी येणार नाही, असे समजू नये. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या कुटुंबांत तेथे जन्मलेली मुले आहेत. लहानपणी वैद्यकीय कारणाने शस्त्रक्रिया झालेले पुरुष आहेत. आणि इस्लाममधून ख्रिस्ताकडे आलेला बंधू आमच्या सीमाभागातील एखाद्या मंडळीत येऊन बसतो, तेव्हा तो कधी कधी विचारतो: माझ्या या खुणेचे आता काय? त्यास पौलाचे वचन सरळ वाचून दाखवावे. ते त्याच्याचसाठी लिहिले आहे, त्याने काहीही करण्याची गरज नाही. पण ज्याची संमतीवाचून सुंता झाली व जो आज देहाच्या दुःखाने एखादा उपचार शोधतो, त्याच्या तोंडावर हेच वचन आज्ञा म्हणून फेकू नये. पौल कराराची लाज वाटणाऱ्याशी बोलत आहे, जखमेचे दुःख करणाऱ्याशी नव्हे. अशा मनुष्यास चांगल्या डॉक्टरकडे पाठवावे, आणि त्याचे बोलणे मंडळीत चर्चेचा विषय होऊ देऊ नये. मार्शल प्रत्येक गावात असतोच.

आता जो भेद वर राखून ठेविला होता त्याकडे येतो. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केले, तेव्हापासून या मुलखात उपदेशकाला मराठी व कानडी दोन्ही जिभा लागल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथील मनुष्याने कोणती खूण ठेवावी व कोणती झाकावी हा प्रश्न दुकानाच्या पाटीपासून मुलाच्या शाळेपर्यंत सर्वत्र आहे. नगराचे नावही शासनदप्तरी २०१४ पासून 'बेळगावी' झाले, घराघरांत मात्र बेळगावच राहिले. परंतु मंडळीच्या दृष्टीने याहून कठीण प्रश्न निराळाच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंना दिला. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती त्याबाहेर राहिले. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती आचरण ठेवणाऱ्यास नोकरीसाठी तो दाखला मागता येणार नाही, असा निर्णय दिला. याचा परिणाम खेडोपाडीच्या मंडळ्यांना सांगावयास नको. मंडळीच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. कोणी बाप्तिस्माच पुढे ढकलतो. कोणी घेतो आणि नोंद नको म्हणतो.

अशा घराविषयी अठरावे वचन कसे वाचावे? काही उपदेशक ते सरळ शस्त्रासारखे वापरतात: खूण झाकणारा तो करार मोडणारा. आमच्या मते ही पौलाची नव्हे, रब्बी एलाजार यांची भाषा झाली. यासोनाचे तरुण वरच्या वर्गातील होते. त्यांना आणखी वर जावयाचे होते. तंबाखूच्या वखारीत किंवा विड्यांच्या कारखान्यात राबणारी आई मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी दाखल्यावर जुनी जात ठेवते, तेव्हा ती यासोनापेक्षा दोमितियनाच्या कचेरीत उभ्या केलेल्या त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अधिक जवळ असते. तिचे वस्त्र दूर करणारा हात शासनाचा आहे. मंडळीने दुसरा हात लावू नये. तथापि पौल तिलाही काही सांगतोच. विसाव्या वचनातील स्थितीत राहण्याची आज्ञा 'आहेस तेथेच पडून राहा' अशी वाचून, जात ही देवाने नेमलेली स्थिती होय, असा उपदेश आमच्या काही व्यासपीठांवरून पूर्वी झालेला आहे. परंतु लगेच एकविसाव्या वचनात प्रेषित दासाला सांगतो की स्वातंत्र्य मिळत असेल तर ते साधून घे. ज्या मंडळीने त्या आईस नाव लपविल्याबद्दल जाब विचारला, तिने तिच्या मुलीच्या फीसाठी काय केले, हा प्रश्न त्याच परिच्छेदातून निघतो.

पुढच्या वेळी हा अध्याय वाचावयाचा येईल तेव्हा सतराव्या वचनापासून चोविसाव्या वचनापर्यंतचा भाग सोडू नये, अशी आमची पाळकांस व धर्मशिक्षकांस विनंती आहे. वाचनापूर्वी दोन मिनिटे 'ओढून घेणे' म्हणजे काय हे सभ्य शब्दांत सांगावे. तरुणांच्या शास्त्रवर्गात मक्काब्यांचा पहिला अध्याय कॅथलिक प्रतीतून काढून वाचून दाखवावा. कानडी व मराठी दोन्ही वाचने होतात त्या मंडळ्यांत हे स्पष्टीकरण दोन्ही भाषांत व्हावे, कारण एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या घरी दाखले दोन प्रकारचे असतात.